बारा हातांचं घर

मी ताईकडे आठ दिवसांसाठी आलो, त्याला आता चौदा महिने झाले. येताना दोन सदरे आणले होते. एक चिखल गाळण्यात गेला. दुसरा कुठे गेला ते ओघात येईलच.

भावोजींनी फोनवर एवढंच सांगितलं होतं की आम्ही मातीचं घर बांधतोय, स्वतःच्या हातांनी, चार दिवस येऊन जा, हवापालट होईल. बायको गेल्यापासून माझ्याकडे पालटण्यासारखं हवेशिवाय काही उरलं नव्हतं, म्हणून आलो. आल्यावर कळलं की ‘स्वतःच्या हातांनी’ यातले हात कुणाचे, हे अजून ठरायचं होतं.

भावोजी वजनमापे निरीक्षक होते. बत्तीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांत जाऊन तागड्या तपासल्या, मापट्यांची बुडं वाजवून पाहिली. एखाद्या कापडवाल्याचा मीटर दोन सेंटिमीटरने आखूड निघाला की त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागायचं. निरोपसमारंभात खात्याने त्यांना पितळेचा एक मीटर दिला. भरीव, चौकोनी, शिक्का मारलेला, लाकडी पेटीत मखमलीवर निजवलेला. तो घेऊन ते घरी आले आणि ताईला म्हणाले की आता उरल्या आयुष्यात मी काही मोजणार नाही.

निवृत्त झाल्यावर कुणी देवाला लागतो, कुणी मधुमेहाला. भावोजी मातीला लागले. कुठल्याशा पाच दिवसांच्या शिबिराला जाऊन आले. तिथल्या गुरुजींनी सांगितलं की सिमेंट म्हणजे पाप, खिळा म्हणजे नाइलाज आणि मोजपट्टी म्हणजे हिंसा. शरीर हेच माप. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, अशा हातांनी घर आखावं. पक्षी घरटं बांधताना कधी टेप लावतो का? भावोजींनी हे वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. पक्ष्याचं घरटं एका हंगामापुरतं असतं आणि त्याच्या बायकोचे गुडघे शाबूत असतात, हे गुरुजी बोलले नव्हते, त्यामुळे ते वहीत नव्हतं.

जमीन म्हणजे उतारावरचा एक तुकडा. दोन झाडं, एक हातपंप आणि एक पत्र्याची शेड. ही शेड घर होईपर्यंत तीन महिने काढायला म्हणून उभी केली होती. मी आलो तेव्हा त्या तीन महिन्यांना दोन वर्षं होत आली होती. मी विचारलं की एवढा वेळ काय केलंत, तर भावोजी म्हणाले, माती ओळखत होतो. माती ओळखणं म्हणजे काचेच्या बरणीत माती आणि पाणी घालायचं, गदगदा हलवायचं आणि वाळू आधी खाली बसते की चिकण, ते बघायचं. मीही दोन-तीनदा हलवून पाहिली. दरवेळी आधी मीच खाली बसलो.

घर नव्हतं, पण दार होतं. मातीच्या कामात चौकट आधी रोवतात आणि मग तिच्या अंगाने भिंत वर नेतात. कुठलीशी जुनी शाळा पाडत होते, तिथून ताईने एका वर्गाचं दार आणलं होतं. जाडजूड, करड्या रंगाचं, वर ‘पाचवी ब’ असं लिहिलेलं. भावोजींनी उत्तरेच्या टोकाला चौकट रोवली, ताईने त्यात दार बसवून घेतलं, आणि दोन वर्षं ते दार मोकळ्या रानात एकटं उभं राहिलं. ताई त्याच्या बिजागऱ्यांना तेल घालायची. शेडमधून हातपंपाकडे जाताना चारी बाजूंनी रान मोकळं होतं, पण ती दारातूनच जायची आणि पाठीमागे दार ओढून घ्यायची. मी एकदा सरळ बाजूने गेलो, तर पंपाशी उभी राहून म्हणाली, “भाऊ, चोरासारखा कुठून येतोस?” तेव्हापासून मीही दारातून जाऊ लागलो. माणसाला कशाचीही सवय होते. पुढे भिंती वर आल्या तेव्हाही दक्षिणेच्या टोकाला जाण्यापुरती फट ठेवली होती, त्यामुळे आमची वहिवाट मोडली नाही.

ताई चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. वॉर्डचं दार कधी लावायचं नसतं. घरी सासू होती, दोन दीर होते, नंतर पोरगी झाली. दीर गेले तर भावोजींच्या तागड्या आल्या. शेडला दाराऐवजी गोणपाट होतं. यातलं काहीच तिने मला तक्रार म्हणून सांगितलेलं नाही. मी आपला जोडून बघतोय.

मी आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी आखणी झाली. मी पांढरी भुकटी भरलेला डबा धरून उभा होतो. भावोजींनी दक्षिणेच्या टोकाला जमिनीवर कोपर टेकवला आणि हाताला हात लावत घराची रुंदी मोजायला सुरुवात केली. बाराव्या हाताला त्यांच्या पाठीत उसण भरली. ते होते तिथेच पालथे पडून राहिले, पण तोंड चालू होतं. त्यांनी ताईला सांगितलं की आता तू उत्तरेच्या टोकाची रुंदी मोज. ताईने दाराशी गुडघे टेकले आणि मोजत गेली. भावोजींनी मातीतूनच विचारलं, किती? ती म्हणाली, बारा. भावोजी म्हणाले, इकडेही बाराच, जुळलं. आणि इतके खूश झाले की उसण भरलेली असताना हसले.

भावोजी सहा फुटी आहेत. ताई उभी राहिली की त्यांच्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाशी बोलते. बत्तीस वर्षं ज्या माणसाने दुकानदाराच्या आकड्यावर कधी विश्वास ठेवला नाही, तो त्या दिवशी स्वतःच्या बायकोच्या आकड्यावर विसंबला. संसारात विश्वास असावा असं म्हणतात.

मग काम सुरू झालं. ताडपत्रीवर माती, वाळू, पेंढा आणि पाणी घालायचं आणि तुडवायचं. चिखल तुडवताना माणसाला बालपण आठवतं म्हणतात, ते खरं आहे. पहिली वीस मिनिटं बालपण आठवतं. त्यानंतर जे आठवतं ते बोलून दाखवण्यासारखं नसतं. तुडवून झालं की गोळे करायचे, गोळे वाहायचे, भिंतीवर आपटायचे, एक थर झाला की तो वाळेपर्यंत थांबायचं, आणि थांबण्याच्या दिवसांत पुढच्या थराची माती चाळायची. थर वीतभर चढायचा. संध्याकाळी आम्ही तिघं शेडसमोर बसायचो आणि कुणीच पाय हलवायचं नाही, कारण हलवले तर ते आपलेच आहेत हे कळायचं.

भावोजींचा पितळी मीटर या काळात चुन्याचं पिंप ढवळायला होता. त्यांनीच तो पेटीतून काढला. म्हणाले, आयुष्यभर लोकांना घाबरवलं यानं, आता जरा प्रामाणिक काम करू दे.

भिंती गुडघ्याएवढ्या झाल्या तेव्हा मी एकदा टेकाडावर गेलो होतो. वरून घर दिसलं. ते सूप होतं. धान्य पाखडायच्या सुपासारखं उत्तरेला अरुंद आणि दक्षिणेला फाकलेलं. मी बराच वेळ बघत उभा राहिलो. मग खाली आलो आणि गोळे वाहायला लागलो. बोललो असतो तर भिंत पाडावी लागली असती आणि पाडणाऱ्यांत मी असतो. पुन्हा तुडवणाऱ्यांतही मीच असतो. खरं बोलण्यासाठी माणसाच्या अंगात थोडी ताकद शिल्लक असावी लागते.

गेल्या थंडीत ताईच्या छातीत कफ झाला. पत्र्याची शेड थंडीत काय होते ते सांगण्यात अर्थ नाही. रात्री पाणी ठेवलं तर सकाळी हात घालण्याआधी त्याची समजूत काढावी लागे. अठरा दिवस ती दवाखान्यात होती, तिच्याच जुन्या वॉर्डात, आणि तिथे शेजारच्या पलंगाची चादर नीट खोचलेली नाही म्हणून सलाईन धरून उठत होती. डॉक्टरांनी सांगितलं की पुढची थंडी पत्र्याखाली काढायची नाही. काढली तर पुन्हा माझ्याकडे आणू नका, असं म्हणाले. म्हणजे आणून उपयोग नाही.

माझी भाची शहरात नवव्या मजल्यावर राहते. ती आली, शेडमधल्या अंथरुणाकडे पाहिलं आणि बापाला अट घातली. थंडी सुरू व्हायच्या आधी, अमुक महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती गाडी घेऊन येणार. आईच्या डोक्यावर छप्पर आणि चारी बाजूंनी भिंत असेल तर चहा पिऊन परत जाणार. नसेल तर दोघांनाही गाडीत घालणार आणि मग मातीचं नाव काढायचं नाही. भावोजी कबूल झाले. ते शब्द देतात तेव्हा शिक्का मारून देतात. यात ताईला कुणी काही विचारलं नाही. ती पलीकडे बसून मातीतले खडे वेचत होती.

मी भाचीच्या बाजूचा होतो हे लपवत नाही. त्या महिन्याच्या पहिल्या तारखेलाच मी माझी पिशवी भरून शेडच्या तोंडाशी ठेवली. धुतलेला सदराही त्यातच घातला, म्हणजे जाताना माणसात दिसेन.

शेवटच्या आठवड्यात बुधवारी मिस्त्री वासे घेऊन आला. हा सुतार पलीकडच्या गावातला. तो आपल्या आवारात काम करायचा आणि माप दोरीवर मागायचा. ताईने दोरी दाराशी धरून उत्तरेच्या भिंतींचं माप पाठवलं होतं, कारण बसायची सवय तिला तिथेच. मिस्त्रीने निरोप धाडून विचारलं होतं की एकवीसच्या एकवीस वासे सारखेच का? भावोजींनी उलट निरोप धाडला की सारखेच, बारा हात म्हणजे बारा हात. विचारलं तेवढंच सांगावं आणि सांगितलं तेवढंच कापावं, असं मिस्त्रीचं धोरण होतं.

छप्पर एका बाजूला उतरतं करायचं होतं, पूर्वेच्या उंच भिंतीवरून पश्चिमेच्या ठेंगण्या भिंतीवर वासे आडवे टाकून. दाराकडून सुरुवात केली. पहिला वासा बसला. दोन्ही टोकं भिंतीबाहेर छान डोकावत होती, कारण मातीच्या भिंतीला वरून टोपी लागते. पाणी अंगावरून गेलं की ती विरघळते. दुसरा बसला, तिसरा बसला. सातव्याची टोकं जेमतेम दोन बोटं बाहेर होती. आठवा भिंतीच्या आत गेला. घर फिरलं की घराचे वासे फिरतात हे लहानपणापासून ऐकलं होतं. इथे वासे होते तिथेच होते, घरच त्यांच्यापासून लांब लांब चाललं होतं. एकविसावा दोन्हीकडे चार-चार बोटांवर टेकला.

मिस्त्री भिंतीवर बसला होता. त्याने तो शेवटचा वासा हाताने जरा हलवून पाहिला आणि कानामागची पेन्सिल काढून पुन्हा कानामागे ठेवली.

“माप कुणाचं?” त्याने विचारलं.

मी हातातल्या दोरीला गाठ मारली. ती आधीच मारलेली होती. ताई पदराने कपाळ पुसत राहिली.

“खाली कुणी शिंकू नका एवढंच,” मिस्त्री म्हणाला.

भावोजी पिंपाकडे गेले. चुन्यातून त्यांनी मीटर ओढून काढला, हातपंपावर नेऊन धुतला, सदऱ्याने पुसला, शिक्का वर येईल असा धरला आणि घरात शिरले. आल्यापासून पहिल्यांदाच मी त्यांना ताठ चालताना पाहत होतो. त्यांनी दाराशी मोजलं. मग दक्षिणेच्या टोकाला मोजलं. मग पुन्हा दाराशी मोजलं. पूर्वी एखाद्या दुकानात शिरले की ते असेच गप्प होत असणार. वही काढून त्यांनी पंचनामा केला, खाली तारीख घातली. उत्तरेला पाच मीटर चार सेंटिमीटर, दक्षिणेला पाच मीटर शहात्तर. तफावत बहात्तर. मग दंड कुणाला करायचा ते बघायला त्यांनी मान वर केली. समोर ताई होती आणि मी होतो. ते एका वाशाच्या तुकड्यावर बसले आणि म्हणाले की कापडवाल्याला मी दोन सेंटिमीटरसाठी कोर्टात उभं केलं होतं.

मग त्यांनी उपाय सांगायला सुरुवात केली. दक्षिणेची बाजू पाडू. नाहीतर लांब वासे आणवू. महिनाभर लागेल, फार तर दीड. पोरीला फोन करून मुदत मागू. मुदत मागणाऱ्या दुकानदारांना ते काय उत्तर द्यायचे ते मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं, त्यामुळे फोन खिशातच राहिला. मी शेडच्या तोंडाशी ठेवलेल्या पिशवीकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. नवव्या मजल्यावर लिफ्ट आहे. मोरीत गरम पाणी येतं. मला माझ्या घरी सोडून गाडी पुढे जाईल. सगळं जिथल्या तिथे लागत होतं.

ताईने मिस्त्रीला विचारलं की कितव्या वाशापर्यंत नीट बसलंय.

“सातव्यापर्यंत, बाई.”

“मग सातव्यापाशी भिंत घाला. तिथपर्यंत घर.”

मिस्त्री म्हणाला की मातीची भिंत रविवारपर्यंत उभी राहील, पण वाळायला महिना घेईल, तिच्यावर भरवसा ठेवू नये. ताई म्हणाली की मातीची नकोच, कुडाची घालू. उरलेले चौदा वासे मधोमध कापायचे, अठ्ठावीस खांब होतील, ते ओळीने उभे करून त्यात काटक्या विणायच्या आणि वरून लिंपायचं. दवाखान्यात जखमेवर पट्टी कशी बांधायची ते सांगावं तशा आवाजात तिने हे सांगितलं. म्हणजे हे तिला आत्ता सुचलं नव्हतं.

भावोजींनी मान हलवली. वासे कापले की मागचा भाग कायमचा गेला. तिथे त्यांचा हॉल व्हायचा होता. तीस माणसं बसतील असा. तिथे ते शिबिरं घेणार होते, शहरातल्या लोकांना साधं राहायला शिकवणार होते. वहीत त्याचा नकाशा होता, भिंतीला कुठे कोनाडा, कुठे फळा.

“अहो,” ताई म्हणाली, “साधं राहायला एवढी जागा कशाला लागते?”

“अगं, तीन वर्षं झाली त्या हॉलसाठी...”

“तीन वर्षं मी या दारातून येते आणि जाते. मला एकदा तरी आत जायचंय.”

तिने आवाज चढवला नव्हता. बोलून झाल्यावर तिला खोकला आला आणि ती तो खोकत बसली. आम्ही तिघं पुरुष जमिनीकडे बघत होतो. जमीन चांगली होती, चिकण आणि वाळू योग्य प्रमाणात.

मिस्त्रीने करवत भिंतीला टेकवली. “कापलेला वासा पुन्हा जुळत नाही, साहेब. विचार करा. मी चहा घेतो.” त्याने दोन कप चहा घेतला आणि दोन्ही सावकाश घेतले.

भावोजी ‘काप’ असं म्हणाले नाहीत. आजवर म्हणालेले नाहीत. ते उठले, मिस्त्रीच्या कानामागची पेन्सिल न विचारता काढून घेतली आणि खाली उतरवलेल्या वाशांशी गुडघे टेकून बसले. एकेका वाशावर मीटर ठेवून त्यांनी मध्य काढला आणि रेघ मारली. चौदा वाशांवर चौदा रेघा. प्रत्येक रेघ त्यांनी दुसऱ्या टोकाकडून पुन्हा तपासली. सगळ्या जुळल्या. मग पेन्सिल परत देऊन ते शेडमागे गेले, आणि करवतीचा आवाज थांबेपर्यंत आले नाहीत.

त्या संध्याकाळी मी आणि ताई काटक्या विणत बसलो होतो. माझ्या मनात ती गोष्ट होती, ती मी सांगून टाकली. म्हणालो, भिंती गुडघ्याएवढ्या होत्या तेव्हाच मला दिसलं होतं.

“मला घोट्याएवढ्या होत्या तेव्हा,” ताई म्हणाली.

“मग बोलली का नाहीस?”

तिने एक काटकी खांबामागून ओढून घेतली. “आखणीच्या दिवशी हसले होते ते. आठवतं? निवृत्त झाल्यापासून तसे हसले नव्हते.” पुढची काटकी उचलून म्हणाली, “आणि बोलले असते तर पुन्हा तुडवलं कुणी असतं? तू?”

मी नाही म्हणालो.

गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार मला सलग आठवत नाहीत. तुकडे आठवतात. मिस्त्री वर बसून गवताच्या पेंढ्या बांधतोय आणि मी खालून पेंढी वर फेकतोय, ती माझ्याच डोक्यावर परत येतेय. भावोजी कूड लिंपताना एकदा उभ्या उभ्या झोपले. हात भिंतीवर होता, त्यामुळे पडले नाहीत. तो पंजा तसाच उमटलाय, शेजारी त्यांच्या कपाळाचाही ठसा आहे. ताई बसून लिंपत होती, पोचेल तेवढं. वरचं भावोजी करत होते. दोघांचं लिंपण जिथे मिळतं तिथे एक वेडीवाकडी रेघ आहे, ती तिच्या डोक्याच्या उंचीवर आहे.

रविवारी सकाळी शेवटची पेंढी बसली. ताईने तिची चटई, उशी आणि पाण्याचा तांब्या उचलला आणि दारातून आत गेली. दार ओढलं. थोडा वेळ काही झालं नाही. मग दार उघडून तिने डोकं बाहेर काढलं आणि म्हणाली की याला आतून कडी नाही.

ते खरं होतं. दार शाळेच्या वर्गाचं. वर्गाला कडी बाहेरून असते. आतल्यांनी लावून घेण्याची सोय ठेवली तर शाळा चालायची नाही. तीन वर्षं आम्ही त्या दारातून ये-जा केली, त्याला तेल घातलं, पण आतून लावायची वेळ आली नव्हती, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मिस्त्री म्हणाला, कडी आणायला तालुक्याला जावं लागेल आणि आज दुकान बंद.

भावोजी मीटर घेऊन आले. मिस्त्रीने चौकटीला आतून दोन लाकडी खुंट्या ठोकल्या आणि मीटर त्यांच्यामध्ये आडवा बसवून पाहिला. तो असा बसला की इकडे सुई जाईना आणि तिकडे जाईना. त्या अख्ख्या घरात तेवढंच एक माप बरोबर आलं. ताईने दार लावलं, आतून पितळ लाकडावर टेकल्याचा आवाज आला, आणि आम्ही तिघं बाहेर राहिलो.

भाची दुपारी बाराला आली. येताना तिने मागच्या सीटवर उशा आणि दोन ब्लँकेटं टाकून आणली होती. शेडपाशी गाडी लावली, तिथे भरलेली पिशवी पाहिली, तयारी झालेली दिसते म्हणाली आणि ती डिकीत ठेवून टाकली. मी सांगणार होतो, पण मी बसलो होतो आणि सांगायला उठावं लागलं असतं.

“आई कुठेय?”

“आत,” भावोजी म्हणाले.

“आत कुठे?”

भावोजींनी दाराकडे बोट केलं. भाचीने दार पाहिलं, वरचं गवत पाहिलं, कुडाला वळसा घालून मागून पाहिलं. पलीकडे दोन भिंती तशाच उघड्या एकमेकींपासून लांब जात उभ्या होत्या, त्यांच्याबद्दल तिने काही विचारलं नाही. कुडाला हात लावून म्हणाली की बाबा, हे ओलं आहे. भावोजींनी सांगितलं की दहा दिवसांत वाळेल, थंडीला अजून वीस आहेत. अटीत भिंत म्हटलं होतं, वाळलेली म्हटलं नव्हतं. अशी पळवाट काढणाऱ्याचं दुकान त्यांनी पूर्वी सील केलं असतं.

भाचीने दार ढकललं. ते हललं नाही. तिने वाजवलं. पुन्हा वाजवलं.

“कोण आहे?” आतून आवाज आला.

भावोजी बसल्या जागी सरळ झाले. त्या जमिनीवर तीन वर्षांत हा प्रश्न कुणी आतून विचारला नव्हता.

“आई, मी आलेय.”

“थांब. उठते.”

उठायला तिला वेळ लागला. पितळ सरकलं, दार उघडलं, भाची आत गेली. मी दाराच्या फटीतून पाहिलं तेवढं असं, की ताई चटईवर बसली होती आणि भाची उभी राहून भिंतींकडे, वाशांकडे, आईच्या तोंडाकडे बघत होती, तपासायला आलेल्या माणसासारखी. शेवटी बापाचीच लेक. मग ती खाली बसली. ऑफिसात आठवडाभर रोज आठ वाजत होते आणि आज पहाटे पाचला निघाले, असं काहीतरी म्हणाली. ताईने उशी तिच्याकडे सरकवली. मग दार लागलं.

अटीप्रमाणे मी चहा केला. दोन कप घेऊन दाराशी गेलो, हात मोकळे नव्हते म्हणून पायाने वाजवलं. आत दोघी झोपल्या होत्या. एकीच्या श्वासाला थोडी घरघर होती, दुसरीच्या नाकातून शीळ वाजत होती. मी कप घेऊन परत आलो. एक भावोजींनी घेतला, एक मिस्त्रीने.

“मेव्हणे,” भावोजी कप खाली ठेवत म्हणाले, “ती मीटर घेऊन आत बसली.”

मी हो म्हणालो.

“मग मागच्या भिंतींचं काय ते कशानं मोजायचं आता?”

त्यांनी आपला हात कोपरापासून बोटांपर्यंत लांब करून पाहिला. मग माझ्या हाताकडे पाहिलं. मी तो पाठीमागे घेतला आणि पाच मिनिटं पाठ टेकतो म्हणून शेडमध्ये गेलो.

जाग आली तेव्हा दिवस कलला होता. गाडी नव्हती. भाची तासाभरापूर्वी गेली, एकटी गेली, असं भावोजींनी सांगितलं. पुढच्या महिन्यात आईची छाती तपासायला येईन म्हणाली. तुम्हाला उठवायचं होतं पण तुम्ही फार गाढ होता, असंही म्हणाले. थोड्या वेळाने फोन आला, की मामा, डिकीत एक पिशवी निघाली, त्यात एक धुतलेला सदरा आहे, तो कुणाचा? मी सांगितलं. ती म्हणाली, पुढच्या महिन्यात येताना घेऊन येते.

तोंड धुवावं म्हणून मी हातपंपाकडे निघालो. पाय सवयीने दाराकडे गेले. ढकललं, तर लागलेलं.

“कोण आहे?” ताईने आतून विचारलं.

“मी. पंपावर चाललोय.”

“मग वळसा घालून जा,” ती म्हणाली.